जाणून दिलेलें दान

'विद्यापीठास औषधाच्या प्रयोगासाठीं माणसें हवीं आहेत' असें ऐकतांच घरांतील वडील मंडळी साशंक होतात. आम्हीही होतों, आणि ती शंका अगदींच अनाठायीं नाहीं.

प्रयोग म्हणजे उपचार नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ऑक्सफर्ड विद्यापीठानें २३ एप्रिल २०२० रोजीं कोरोनाच्या लशीची माणसांवरील चांचणी आरंभिली, तेव्हां सुमारें निम्म्या स्वयंसेवकांस ती लस, तर निम्म्यांस मेंदूच्या आवरणाच्या दाहावरील लस टोंचण्यांत आली. कोणास कोणती, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरे, व ज्याचें त्यास सांगत नसत. अशी तुलना केल्यावांचून लशीचा गुण खरा कीं भासमान, हें कळावें कसें? पुढें पुण्यांत तयार झालेली तीच लस २०२१ सालीं आम्हीं सहकुटुंब टोंचून घेतली. त्या अनोळखी लोकांचें ऋण आमच्या दंडांत आहे.

आतां आमचा नातू अशा एका चांचणीस जाऊं म्हणतो. आम्ही त्यास अडवीत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, संमतिपत्र आपल्या भाषेंत मागून वाचावें, धोका कोणता व इजा झाल्यास भरपाई कोण देणार हें विचारावें. मधूनच बाहेर पडण्याची मोकळीक आपल्या देशांत २०१९ च्या नियमांनीं दिलेलीच आहे.

दधीचीनें अस्थि दिल्या त्या जाणून. न सांगतां घेतलेलें तें दान नव्हे, हरण होय.