मुका सेन्सर

डावा पाय अधू झाल्यापासून क्लच नसलेली आमची जुनी स्वयंचलित मोटार हाच वडिलांचा आधार. गेल्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउली यात्रेस जाताना राहुरीपुढे वेगाचा काटा शून्यावर पडला. गिअरही अवेळी बदलू लागले. अहिल्यानगरास परतल्यावर एका गॅरेजने गिअरबॉक्सच बदलण्यास सांगितले. म्हणजे मोटार भंगारातच! आमच्या गल्लीतील वृद्ध मिस्त्रींना ते पटेना. नुसता काटा पडता तर मीटरवर संशय. या मोटारीत मात्र काट्याला आणि गिअरला वेग कळविणारा सेन्सर एकच. चाके जॅकवर उचलून हाताने फिरविली, तरी व्होल्टमीटर ढिम्म. सेन्सर काढून पाहिला, तो त्याचे प्लॅस्टिकचे दातेरी चाक पार झिजलेले. नवे बसताच वडिलांनी आमच्या हातून किल्ली घेतली.