यकृताची रात्रपाळी

आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते, सांगा पाहू? निरोगी माणसात साधारण ५ ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. या हिशोबानं तो चमचा तासाभरात रिकामा व्हायला हवा. तरी रात्री नऊला जेवून झोपलेला माणूस सकाळी सहाला नीट उठतो, चूळ भरतो, पेपर वाचतो. मग रात्रभर तो चमचा भरत कोण होतं?

मी साहित्याची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध बारावीला संपला. तरी या प्रश्नाच्या मागं लागले, त्याला कारण आमच्या घरातला एक वाद.

आजीला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिची उपाशीपोटीची साखर सलग तीन वेळा १६०च्या आसपास आली. घरात चौकशी बसली. फ्रीजमधला कुंद्याचा डबा वरच्या कपाटात गेला. काकूनं आजीची उशी उचलून बघितली. दवाखान्यातही पहिला प्रश्न हाच, "आजी, रात्री काय गोड खाल्लंत?" आजी म्हणाली, "रातच्याला अर्धी भाकरी आणि भाजी, बास. खरं सकाळी साखर एकशे साठ! ती काय मी झोपेत खाल्ली? कुमसाराला फादर पण इतकं विचारत नाहीत गं." आमच्या बेळगावच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. आजीच्या त्या वाक्यात मात्र मला त्याचे दोन्ही अर्थ ऐकू आले. पुढच्या महिन्यात तिनं तपासणीलाच नकार दिला. "खोटी ठरायला पैसे कशाला द्यायचे?" असं तिचं म्हणणं. मधुमेहाच्या माणसानं तपासणी सोडणं किती वाईट, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती चिडून सोडत होती, आणि चिडण्याचा तिला हक्क होता.

आजीच्या बाजूचा सगळ्यात जुना साक्षीदार मला पॅरिसमध्ये सापडला. क्लोद बर्नार हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. त्याच्या काळात समज असा होता की साखर फक्त वनस्पती बनवतात, प्राणी ती नुसती खातात. १८४८ साली बर्नारनं दाखवलं की कुत्र्याला फक्त मांस खायला घातलं, तरी त्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर असते. पुढं त्यानं एक यकृत पाण्यानं इतकं धुतलं की त्यातली साखर संपली. ते तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी तपासलं, तर त्यात पुन्हा साखर! यकृत स्वतःच साखर तयार करतं. ज्या साठ्यातून ती येते, तो ग्लायकोजेन नावाचा पदार्थही त्यानं १८५७ मध्ये वेगळा काढला.

रात्री हेच चालतं. आधी यकृत साठवलेलं ग्लायकोजेन मोडतं. त्याच्या जोडीला ते लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल यांपासून नवं ग्लुकोज बनवतं. स्नायूंतलं लॅक्टेट यकृतात येतं आणि तिथं त्याची परत साखर होते, हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यानं उलगडलं. १९४७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता. या कारखान्यावर इन्शुलिनचा वचक असतो. पुरे झालं की इन्शुलिन यकृताला थांबवतं. टाइप २ मधुमेहात यकृत ते नीट ऐकत नाही. माणूस झोपलेला, पोट रिकामं, आणि कारखाना चालूच.

हे गणितात कसं मांडतात, ते वाचताना मला सगळ्यात जास्त मजा आली. १९७९ मध्ये रिचर्ड बर्गमन, क्लाउडिओ कोबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मिनिमल मॉडेल' मांडलं. शिरेतून ग्लुकोज द्यायचं, ठरावीक वेळानं रक्त घ्यायचं, आणि साखर कशी उतरते ते थोड्या समीकरणांत बसवायचं. मला कळलं ते एवढंच. साखरेतला बदल म्हणजे शरीर स्वतःहून टाकत असलेली भर, वजा आपोआप कमी होणारी साखर, वजा इन्शुलिनच्या परिणामानं कमी होणारी साखर. त्यातही रक्तातलं इन्शुलिन लगेच काम करत नाही, थोडं मागून करतं, आणि त्या उशिरालाही समीकरणात जागा आहे. जेवणाचा आकडा शून्य ठेवला तरी भर घालणारं पद शिल्लक राहतं. आजी जे भाकरीवरून सांगत होती, तेच हे पद सांगतं. अशाच अभ्यासातून पुढं संगणकातले मधुमेही तयार झाले. पादुआ आणि व्हर्जिनिया इथल्या विद्यापीठांचा असा एक सिम्युलेटर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्वीकारला. इन्शुलिन आपोआप देणाऱ्या यंत्रणांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी तो वापरता येऊ लागला.

तिसरा साक्षीदार आजीच्या डबीतच होता: मेटफॉर्मिनची पांढरी गोळी. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती जुन्या काळापासून औषधात वापरत. साखर उतरवणारं एक द्रव्य तिच्यात आहे आणि मेटफॉर्मिन त्याच्या नात्यातलं. पण मेटफॉर्मिन झाडातून काढलेलं नाही. १९२२ साली डब्लिनमध्ये एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी दोन साधी रसायनं एकत्र तापवून ते बनवलं, आणि तेव्हा मधुमेह त्यांच्या डोक्यातही नव्हता. नेमकं त्याच वर्षी टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. शेवटी १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न या डॉक्टरनं रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि औषधाला नाव दिलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. गंमत अशी की हे औषध साखर खात नाही. त्याचं मुख्य काम यकृतातून सुटणारी साखर कमी करणं. पेशीच्या आत ते नेमकं कुठं हात घालतं, यावर शास्त्रज्ञांचे वाद आजही चालू आहेत.

आता हे आजीला कसं सांगायचं? आजोबा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होते, त्यामुळं रात्रपाळी तिला शिकवावी लागत नाही. मी म्हटलं, "आजी, यकृत रात्रपाळीला असतं. इन्शुलिन म्हणजे मुकादम. तो म्हणतो भट्टी बंद करा. तुझे कामगार त्याचं ऐकेनात." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे मी चोर न्हाई." आणि लगेच पुढं, "मग ही गोळी भट्टी कमी करते? तर ती सोडून चालायची न्हाई की." चार दिवसांनी ती पप्पांबरोबर रक्त द्यायला गेली. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. काकूनं कुंद्याचा डबा अजून वरच ठेवलाय, आणि ते बरोबरच आहे. खाण्याचा परिणाम होतोच. फक्त सकाळच्या आकड्याचं सगळं खापर ताटावर फोडता येत नाही.

आपल्या मंडळात आपण शब्दांवर तासन् तास बोलतो, म्हणून हे इथं लिहिलं. 'साखर वाढली' या वाक्यात कर्ता साखर आहे. पण घरात ते 'तू वाढवलीस' असं ऐकू येतं. आजाराची आपली भाषा पथ्य मोडणं, तोंडावर ताबा नसणं, लपून खाणं अशीच आहे. तिच्यात आरोप आधी येतो. बर्नारपासून बर्गमनपर्यंत इतक्या लोकांनी जे शोधलं, ते कोणीतरी साध्या मराठीत सांगितल्याशिवाय स्वयंपाकघरात पोचत नाही. ते काम शास्त्रज्ञांचं एकट्याचं नाही, आपल्यासारख्यांचंही आहे.

तुमच्याही घरात कुणाची तरी उपाशीपोटीची साखर जास्त येत असेल. तेव्हा "काल काय खाल्लंस?" याच्या आधी "गोळी वेळेवर घेतलीस ना? झोप लागली का? ताप-बिप नाही ना?" एवढं विचारा, आणि तो कागद घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडं जा. एकटं पाठवू नका.