आश्विनातला माळशेज

दसरा झाला की माळशेज मोकळा होतो. पावसाळी गर्दी ओसरलेली, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकलेला. कड्यांत एकावर एक बसलेले लाव्हाचे थर नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

आळेफाटा मागे टाकून निघोजला पोचलो, कुकडीच्या पात्रात उतरलो. त्याच काळ्या बेसॉल्टात नदीनं रांजणखळगे कोरलेत. एकात हात घातला. कड गुळगुळीत, तळाशी गोल गोटे. पुराच्या भोवऱ्यात असेच गोटे गरगरत राहिले, खडक घासत राहिले, आणि हजारो वर्षांत हे रांजण घडले. मला ते वेरूळच्या लेण्यांइतकेच मोलाचे वाटतात. निघोजला जाल तेव्हा बाटल्या, पिशव्या टाकू नका. काठावर पाय जपून ठेवा.