मडकं वाजवून घ्या!

‘पॅशनेट स्टोरीटेलर. कंटेंट एन्थुझियास्ट. पुणे.’

लिंक्डइनवर दोन वर्षं माझी ओळख ही एवढीच होती. सोबत मैत्रिणीच्या लग्नातला, शेजारणीचा खांदा कापून टाकलेला फोटो. आणि क्लायंट? शून्य! इनबॉक्समध्ये यायचे ते मेसेज दोनच प्रकारचे. एक विमा विकणाऱ्यांचे. दुसरे, ‘सॅम्पल म्हणून पाच लेख फुकट लिहून द्याल का?’ असं गोड विचारणाऱ्यांचे. घरभाड्याची पाच तारीख मात्र कधी चुकली नाही.

माझं गाव कुंभार पिंपळगाव. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यातलं. पण पुण्यात गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे पिंपरीजवळ का?’ आणि मी ‘हो, साधारण तिकडेच’ म्हणून मोकळी व्हायचे! मधे अख्खी गोदावरी ओलांडावी लागते, हे कोण सांगत बसणार? प्रोफाइलमध्येही गावाचा उल्लेख नव्हता. तो असला तर इंग्रजी कच्चं वाटेल, काम मिळणार नाही, असा माझा फंडा.

२०२४च्या अक्षय्य तृतीयेला घरी गेले होते. मे महिन्यातलं ऊन, फॅन फिरतोय पण वारा नाही. अण्णांनी विचारलं, ‘तू करतीस तरी काय, एकदा नीट सांग. लोकायला काय सांगावं?’ मी ऐटीत मोबाइलवरची प्रोफाइल वाचून दाखवली. अण्णा गंभीरपणे म्हणाले, ‘म्हंजी कीर्तन करतीस का?’

आई हसून हसून बेजार. मला मात्र ते लागलं. कारण त्या ओळीतून मी काय काम करते हे खरंच कळत नव्हतं. जन्मदात्या बापाला कळलं नाही, तर मुंबईतल्या मॅनेजरला काय कळणार?

त्याच संध्याकाळी आईबरोबर माठ आणायला गेले. आईने एकेक माठ उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघितला. ‘खणखण वाजला का पक्का. बद्द वाजला का तडा,’ ती म्हणाली. विकणाऱ्या मामांनी ‘आमचा माठ लई पॅशनेट हाय’ असं काही सांगितलं नाही. त्यांनी माठ पुढे केला. बस्स!

रात्री गच्चीवर बसून मी प्रोफाइल पुसली आणि नव्याने लिहायला घेतली. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. तिथे विशेषणं काढून काम लिहिलं: मराठवाड्यातली शेती, पाणी, ऊस आणि मोसंबी या विषयांवर मराठी-इंग्रजीत लेखन, शेतकऱ्यांसाठी पुस्तिका, फिल्मची स्क्रिप्ट, अनुवाद. साधी गोष्ट आहे बॉस, माणूस शोधणारा सर्चमध्ये ‘पॅशनेट’ टाइप करत नाही. त्याला हवं असलेलं काम टाइप करतो. ‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं मावतात, पण वरच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात. बाकीच्या क्लिक केल्यावर. म्हणून पहिल्याच ओळीत गावाचं नाव टाकलं. टाकताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू!

‘फीचर्ड’मध्ये छापून आलेले तीनच लेख ठेवले. वाजवून बघायला! लग्नातला फोटो गेला. एका जुन्या संपादकबाईंना रेकमेंडेशन मागितलं. ‘गुणी मुलगी आहे’ असं नको, कुठलं काम दिलंत आणि ते वेळेत झालं का, तेवढंच लिहा म्हटलं. त्यांनी दोन वाक्यं लिहिली. स्किल्सखाली मित्रांनी केलेल्या ढीगभर क्लिक्सपेक्षा तीच जास्त कामाला आली.

लगेच चमत्कार वगैरे झाला नाही. दोन महिने सामसूम. मग एकाने विचारलं, ‘गावाकडच्या आहात, म्हणजे रेट कमी असेल ना?’ हीच तर भीती होती! क्षणभर वाटलं, ती ओळ पुसून टाकावी. पण उत्तर दिलं, ‘नाही. उलट मला गावात माणूस शोधायला गाडी करून जावं लागत नाही, तुम्हाला लागेल.’ तो परत फिरकला नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र एका संस्थेचा फोन आला. त्यांना मोसंबी उत्पादकांसाठी मराठी पुस्तिका हवी होती. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मसुद्यात मात्र लिहिलं होतं ‘जलताण कालावधी’. मी म्हटलं, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. बहार धरायचा म्हणून पाणी तोडतात, त्याला ‘बाग ताणावर सोडली’ म्हणतात. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, ‘तुमचे चार्जेस काय?’

जी गोष्ट दोन वर्षं लपवली, तिच्यासाठीच कुणीतरी पैसे मोजायला तयार होतं! मी पूर्ण रेट सांगितला. त्यांनी तो मान्य केला.

आता तुम्ही तुमची प्रोफाइल उघडाल तेव्हा एक करा. ती घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना कळलं नाही, तर क्लायंटलाही कळणार नाही. आणि लाज वाटून जे गाळलंय ते एकदा तपासा. कामाचं तिथेच असू शकतं.

पुस्तिका छापून आल्यावर एक प्रत अण्णांना पाठवली. ते गावात काय सांगतात ठाऊक नाही, पण कीर्तनाचं आता काढत नाहीत.

परवा एका मीटिंगमध्ये पुन्हा कुणीतरी विचारलं, ‘पिंपळगाव म्हणजे पिंपरीजवळ का?’

‘नाही हो,’ मी म्हटलं. ‘जालन्याकडे. रेल्वेने येणार असाल तर परतूरला उतरा. पुढचं मी सांगते.’