हात काय म्हणतो

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आधीच मिरजेला मामूंकडे जाऊन थांबलो होतो. १२ तारखेची बकरी ईद तिथेच झाली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, आणि सगळे पुन्हा पाण्याच्या बातम्यांकडे वळले. पाणी ओसरल्यावर घरी आलो तेव्हा अम्मी आधी स्वयंपाकघरात गेली आणि अब्बा गाडीपाशी.

गाडी म्हणजे १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. काचेच्या निम्म्यापर्यंत गाळाची रेघ. म्हणजे इंजिन पूर्ण बुडालेलं. मी म्हटलं, बॅटरी बदलू आणि सेल्फ मारून बघू. अब्बांनी हात पुढे केला. "चावी मेरेकु दे." चावी त्यांच्या कुर्त्याच्या खिशात गेली ती पाच दिवस बाहेर आली नाही.

दोन घरं सोडून एकाने आदल्याच दिवशी माझ्यासारखा विचार केला होता. त्याच्या गाडीतून एकदाच 'ठक्' असा आवाज आला, संपलं. सिलिंडरमध्ये हवा असली तर पिस्टन तिला दाबतो, ती आठ-नऊ पट आकसते. पाणी आकसत नाही. सेल्फची मोटर ताकदवान आणि आंधळी. ती पिस्टनला वर ढकलते, वर पाणी अडून बसलेलं, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. गल्लीतल्या निम्म्या लोकांना हे तेव्हा कळलं, बाकीच्यांना नंतर.

गॅरेजांसमोर रांगा होत्या. एका ठिकाणी गाडी न बघताच "इंजिन उतरवावं लागेल" म्हणाले आणि जो आकडा सांगितला, तेवढ्यात तशी दुसरी जुनी गाडी आली असती. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात पूर बसत नाही. अब्बा म्हणाले, घरीच करू.

अब्बांनी चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. पण 'करू' म्हणजे आता मी करायचं होतं. साखरेने त्यांची बोटं बधिर झाली आहेत. चहाचं गरम पातेलं ते सांडशी न घेता उचलतात आणि अम्मी ओरडल्यावर त्यांना कळतं. आणि मला तर त्यांनी लहानपणी गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. त्या काळी आमच्या मोहल्ल्यातली किती पोरं पाचवी-सहावीतून उचलून कुणा उस्तादाच्या हाताखाली दिली जायची. माझे हात काळे होऊ नयेत म्हणून अब्बांनी मला लांब ठेवलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, आणि थोडा रागही आहे.

खुर्ची टाकून ते बसले. मी बॅटरीची वायर काढली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, मागच्या चाकांना दगड लावले, तिन्ही प्लग काढले. प्लग काढले की दाब राहत नाही, पाण्यालाही बाहेर यायला वाट मिळते. पुढचं चाक काढून क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना बसवला. इंजिन चालताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवायचं, नाहीतर बोल्टच सुटून येतो.

ढिम्म.

"हात क्या बोलता?" अब्बांनी विचारलं.

"हलत नाही."

"वो मेरेकु भी दिखता. कैसा नहीं हिलता? रबर सरीखा की पत्थर सरीखा?"

मी पान्याला पाइप घालून जोर लावणार होतो. ते खुर्चीतून अर्धे उठले. जोर नाही लावायचा. हे सांगताना त्यांनी आपलं उजवं मनगट दाखवलं. ते थोडं वाकडं आहे. तरुणपणी ॲम्बॅसिडरला पुढून हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला होता. उस्तादाने शिकवलं होतं की अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, आणि हँडल वर ओढायचं. एक दिवस घाईत विसरले.

तीन भोकांतून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या रिंगा बोअरला गंजाने धरतात, तो गंज भिजू द्यायचा. रात्री लाइट नव्हती. मामूंच्या मुलाने मोबाइलवर अल-जझरीचा एक फॉरवर्ड पाठवला होता, तो अब्बांना वाचून दाखवला. असल्या 'आपल्या पूर्वजांनी सगळं शोधलं' छापाच्या फॉरवर्डांचा मला कंटाळा आहे, पण हा माणूस खरा. दियारबकरच्या आर्तुकी दरबारातला. त्याने १२०६ मध्ये पुरा केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात क्रँकवर चालणारा पाणी उपसायचा पंप आहे. अब्बांनी एवढंच विचारलं, "खुद बनाता था की सिरफ लिखता था?" खुद बनाता था, म्हटलं. "फिर ठीक है."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पुन्हा पाना लावला. केसभर हललं. मागे केसभर, पुढे केसभर. "अब?" मी डोळे मिटून सांगितलं, घट्ट झाकणाच्या बरणीसारखं. सुटेल असं वाटतंय. आणि सुटलं. मधल्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर. अब्बा इतके हसले की अम्मी झाडू घेऊन बाहेर आली.

पण पुढे एका जागी खरखर लागत होती, दर फेरीला तिथेच. मी सांगितलं, दगड नाही, वाळू. गाळ आत गेला होता. डिझेलने धुतलं, फिरवलं, पुन्हा धुतलं. असं दिवसभर. इंजिनाचे चारही स्ट्रोक दोन फेऱ्यांत पुरे होतात, म्हणून दोन फेऱ्या सलग गुळगुळीत जायला हव्यात, त्याशिवाय हात उचलायचा नाही, ही अब्बांची अट. संध्याकाळी त्या गेल्या. त्यांनी स्वतः पाना हातात घेऊन एकदा फिरवून पाहिलं, काही वेळ तसेच बसले, मग पाना माझ्याकडे परत दिला. "मेरेकु कुछ नहीं समजता. तू बोलता तो ठीक होगा."

मग चेंबरचं ऑइल सोडलं. दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणून दोनदा बदललं. टाकी, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर साफ करण्यात आणखी दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी चावी खिशातून बाहेर आली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं, पांढऱ्या धुराने गल्ली भरली. अब्बांनी तळहात बोनेटवर ठेवला होता, तो बराच वेळ काढला नाही.

धूर बघून समोरचे काका आले. त्यांच्या ओम्नीला अजून कोणी हात लावलेला नव्हता. "मिस्त्री, जरा येता का बघायला?"

अब्बांनी माझ्याकडे बोट केलं. "चावी इनके पास मत छोड," मला म्हणाले, "और हात लगा के आ. क्या बोलता वो मेरेकु बता."