ओरडायच्या जागी ट्रम्पेट

शुक्रवारची संध्याकाळ. अंधेरीतलं एक फाइव्ह स्टार हॉटेल, समोर क्लायंट आणि चारशे रुपयांची कॉफी. मी पुढची स्लाइड उघडणार इतक्यात छतातल्या स्पीकरमधून एक ओळखीची चाल आली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मागे ऐटीत चालणारे ड्रम्स आणि सुटाबुटातला एक आवाज. चार-पाच सेकंद गेले आणि ट्यूब पेटली. अरे, हे तर 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'! निर्वाणाचं!

क्लायंट म्हणाला, "नाइस म्युझिक, ना?" मी मान डोलावली आणि टेबलाखालून दादाला मेसेज टाकला, 'तुझ्या गाण्याचा खून झालाय.'

'तुझ्या' का, ते सांगतो.

१९९९ साल. ठाण्यात आमचं दोन खोल्यांचं घर. दादा इंजिनीअरिंगला, मी सहावीत. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (२०१६ मध्ये ते बंद झालं) त्याने 'नेव्हरमाइंड'ची कॅसेट आणली होती. अल्बम १९९१ चा. कर्ट कोबेन १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षीच गेला होता, पण आमच्या घरात तो तेव्हा आला. आई-बाबा बाहेर पडले की दादा सेकंडहँड गिटार काढायचा. कडवं पुटपुटल्यासारखं म्हणायचा आणि ध्रुवपद आलं की गळ्याच्या शिरा ताणून असा ओरडायचा, की शेजारच्या काकू बेल वाजवायच्या. शब्द मला कळायचे नाहीत. दादालाही कळत असतील असं वाटत नाही. ओरडणं मात्र दोघांनाही कळायचं.

२००२ मध्ये बाबांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. दादाने कॉलेजचा बँड सोडला आणि मिळेल ती नोकरी धरली. गिटार माळ्यावर गेली. आज तो होम लोन विभागात आहे. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. कर्ज नाकारलेला ग्राहकसुद्धा त्याला थँक्यू म्हणून जातो.

त्याचं उत्तर आलं, 'पॉल अँका. २००५ चा अल्बम. म्हातारा छान गायलाय रे.'

छान? माझं डोकंच फिरलं.

रविवारी जेवायला त्याच्याकडे गेलो ते भांडायच्या तयारीनेच. पॉल अँका म्हणजे १९५७ मध्ये 'डायना' गाऊन सोळाव्या वर्षी स्टार झालेला पोरगा. सिनात्राच्या 'माय वे'चे इंग्रजी शब्द त्याचे. 'रॉक स्विंग्ज' या अल्बममध्ये त्याने निर्वाणा, ओअॅसिस, व्हॅन हेलन, साउंडगार्डन असे सगळे रॉकवाले उचलले आणि बिग बँडच्या चालीत बसवले. माझं म्हणणं सोपं होतं. हे म्हणजे मिसळीतला कट काढून वर क्रीम घालणं. हॉटेलच्या लॉबीत, सलूनमध्ये, लिफ्टमध्ये असली गुळगुळीत व्हर्जन्स सगळीकडे वाजतात, कारण ती ऐकावीच लागत नाहीत.

दादा भात कालवत म्हणाला, "लॉबीतली ती बॉसानोव्हा व्हर्जन्स वेगळी. ती गाणाऱ्या बाईला गाण्याशी देणंघेणं नसतं. अँकाला आहे. स्विंग ही त्याची मातृभाषा आहे. तो ग्रंजची नक्कल करत नाही, त्याच्या भाषेत बोलतो. 'वंडरवॉल' ऐक त्याचं. चाल किती चांगली होती ते मला तेव्हा कळलं."

आतून आई म्हणाली, "कुमारांनी बालगंधर्वांची पदं गायली तेव्हाही लोक असेच भांडत होते. त्यांनी कार्यक्रमाचं नावच ठेवलं होतं, 'मला उमजलेले बालगंधर्व'. उमजलंय का, एवढंच बघायचं."

दोन मिनिटं शांतता. आईसमोर कोण बोलणार?

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. जॉनी कॅश. 'हर्ट' हे मूळचं नाइन इंच नेल्सचं. ट्रेंट रेझ्नरने ते १९९४ च्या अल्बमसाठी लिहिलं, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. २००२ मध्ये सत्तर वर्षांच्या कॅशने तेच गाणं गिटार, पियानो आणि थरथरणारा आवाज घेऊन म्हटलं. मूळ गाण्यातली एक शिवी तेवढी बदलली. मार्क रोमानेकने केलेल्या व्हिडिओत कॅशचं स्वतःचं बंद पडलेलं म्युझियम दिसतं आणि मागे उभी राहून त्याच्याकडे बघणारी बायको जून. २००३ च्या मे महिन्यात जून गेली, सप्टेंबरमध्ये कॅश. हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं नंतर खुद्द रेझ्नरच म्हणाला.

"बघ," मी म्हटलं, "याला म्हणतात उमजणं. तुझा अँका ओरडायच्या जागी ट्रम्पेट वाजवतो."

दादा हसला. "हे मात्र बरोबर बोललास. 'टीन स्पिरिट'मध्ये तो फसलाय. तिथे चाल पुरत नाही, तिथे राग लागतो. पण मग 'लैला'चं काय करशील?"

'लैला'. एरिक क्लॅप्टन, १९७०. जिवलग मित्र जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडलेल्या माणसाची गिटारमधून निघालेली किंकाळी. १९७९ मध्ये त्याचं तिच्याशी लग्न झालं आणि पुढे ते मोडलंही. मग १९९२ च्या 'अनप्लग्ड'मध्ये हा गृहस्थ चष्मा लावून, खुर्चीत बसून तेच गाणं संथ लयीत म्हणतो. सुरुवातीची ती जगप्रसिद्ध गिटारची धूनच गायब! मला ते व्हर्जन कधीच आवडलं नव्हतं. मी म्हणायचो, थकला.

"थकला नाही," दादा म्हणाला. "बाई मिळाली, गेली. आता कोणासाठी ओरडणार? खोटं ओरडला असता तर बरं वाटलं असतं तुला?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण प्रश्न क्लॅप्टनचा नव्हता, हे दोघांनाही कळलं होतं. इतकी वर्षं मी दादाच्या त्या मऊ आवाजावर चिडलेलो होतो. तो त्या कॅसेटसारखाच राहायला हवा होता, माझ्यासाठी. घराचे हप्ते, बाबांचं आजारपण, माझी इंजिनीअरिंगची फी हे सगळं त्याने भरायचं आणि वर ओरडायचंही!

जेवणं झाल्यावर त्याने गिटार आणली. माळ्यावरून ती कधी उतरली, मला माहीतच नव्हतं. आतल्या खोलीत पुतणी झोपली होती, म्हणून अगदी हळू त्याने तेच चार कॉर्ड्स छेडले. कडवं म्हटलं, जवळजवळ बोलल्यासारखं. ध्रुवपद आलं. मी नकळत श्वास रोखला.

तो गायलाच नाही. तेवढा वेळ फक्त कॉर्ड्स वाजवत राहिला आणि ध्रुवपद संपल्यावर पुढचं कडवं उचललं. ओरडायची जागा त्याने रिकामी ठेवली होती. मला त्या रिकाम्या जागेत सगळं ऐकू आलं, शेजारच्या काकूंच्या बेलसकट.

तेव्हापासून असलं एखादं चकचकीत व्हर्जन कानावर पडलं, की मी लगेच नाक मुरडत नाही. मूळ गाणं जिथे फुटतं, त्या जागेपर्यंत थांबतो आणि गायकाने तिथे काय ठेवलंय ते बघतो. काही ठेवलं असेल, अगदी शांतता का होईना, तर पूर्ण ऐकतो. नसेल तर कॉफी आहेच.

निघताना दादाला विचारलं, "पुन्हा कधी वाजवशील?"

"पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला. "आणि येताना तारांचा सेट घेऊन ये. या गंजल्यात."