रिक्वेस्ट टाइमआउट

एप्रिलमध्ये यवतमाळला जाऊ नये हे कुणीही सांगेल. पण आमच्याकडे याच महिन्यात जावं लागतं. बाबा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. त्यांच्या आठवणीची प्रार्थनासभा दरवर्षी घरीच असते.

ते आजारी असताना नातलगांची व्हॉट्सअ‍ॅपवर साखळी प्रार्थना चालू होती. माझा नंबर रात्री दोन ते तीन. एकदाही चुकवला नाही. बाबा गेले ते गेलेच. त्यानंतर माझ्या प्रार्थनेचं जे झालं ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट टाइमआउट. पाठवतोय, पलीकडून काही नाही. मग पाठवणंही सुटलं. पुण्यात रविवारी चर्चला जाण्याऐवजी झोप काढणं सोपं असतं, हे आईला सांगितलेलं नाही.

तर या वेळी पोचल्या पोचल्या आई म्हणाली, "उद्या तू साक्ष दे." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? कपाळ!

शनिवारी दुपारी कूलरसमोर बसून बाबांचं पुस्तकांचं कपाट उपसलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून तीस वर्षं आमच्या गावात होती, तेव्हाची बरीच जुनी पुस्तकं त्यात आहेत. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. (म्हणजे यवतमाळ सोडून पुण्याला पळणारा मी काही पहिला नाही.) त्यात पंडिता रमाबाईंवरचं एक पुस्तक सापडलं.

रमाबाई म्हणजे आमच्याकडे विश्वासाचा हिमालय. लहानपणी त्यांचं नाव काढलं की मला आपोआप अपराधी वाटायचं. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला पुढची आठ वर्षं गेली. आठ! आणि त्या कोरड्या वर्षांतच, १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईला शारदा सदन उघडलं. म्हणजे आधी विश्वास पक्का होऊ दे, मग काम बघू, असं बाई म्हणाल्या नाहीत. पुढे १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. १९२२ मध्ये त्या वारल्या.

मार्कच्या शुभवर्तमानातला तो बापही आठवला. आजारी मुलाला घेऊन येतो आणि एका दमात सांगतो की विश्वास आहे, आणि जो नाही त्यासाठी मदत कर. येशू त्याला रागावत नाही. अर्थात त्याचा मुलगा बरा झाला. माझे बाबा नाही झाले. हा फरक मला कुणी समजावून सांगू नये, मी तो रोज उचलून फिरतो.

रविवारी उभा राहिलो आणि एवढंच बोललो, की मला प्रार्थना करता येत नाही, बाबांची खूप आठवण येते, आणि तरी मी आज इथं आलोय. खाली बसलो. कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता. मग पाळकसाहेबांनी 'उपासना संगीत'मधलं बाबांच्या आवडीचं गीत सुरू केलं.

चहाच्या वेळी मावशी जवळ आली. मावशी म्हणजे पहाटे चारला उठून गुडघे टेकणारी बाई. हळूच म्हणाली, "माह्या प्रार्थना बी दोन वर्सं झाले नुसत्या तोंडानंच चालू हायेत बाप्पा. कोनाले सांगू?"

रात्रीची ट्रॅव्हल्स होती. आईने डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि गाडीत चढताना म्हणाली, "दोन ते तीन मी जागीच असते. तुझा नंबर मीच चालवते तेव्हापासून."

वाटेत बस एका धाब्यावर थांबली. मोबाईल बघितला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.